स्वाहिली क्रियापद शब्दकोशात का सापडत नाही?

अक्कलकोट रस्ता (प्रश्न)

नमस्कार. सोलापुरातील टॉवेल आणि चादरींच्या एका कारखान्यात मी निर्यातीचा पत्रव्यवहार पाहतो. आमचे एक ग्राहक टांझानियातील दार-एस-सलाम येथे आहेत. त्यांच्याशी व्यवहार इंग्रजीतच चालतो, परंतु त्यांच्या गोदामातील माणसे घाईत असली की सरळ स्वाहिलीत निरोप पाठवतात, म्हणून दोन महिन्यांपासून मी रोज रात्री जेवणानंतर तासभर ही भाषा शिकतो आहे. शब्द बरेच पाठ झाले आहेत, वाक्य मात्र अजून हाती लागत नाही.

मागच्या आठवड्यात असा निरोप आला: 'माताउलो यामेफिका, लाकिनि माशुका हायाजाफिका.' ताउलो म्हणजे टॉवेल, शुका म्हणजे चादर आणि फिका म्हणजे पोहोचणे, एवढे मला ठाऊक होते. 'यामेफिका' हा शब्द मी शब्दकोशात शोधला, तो मिळाला नाही. 'हायाजाफिका' शोधला, तोही मिळाला नाही. दोन्ही शब्दांत 'फिका' दिसत असल्यामुळे दोन्ही माल पोहोचला असे मी धरून चाललो आणि साहेबांना तसे कळवूनही टाकले. दुसऱ्या दिवशी तिकडून इंग्रजीत विचारणा आली की चादरी कुठे आहेत. ही चूक माझ्या मनाला फार लागली, कारण निरोपात सर्व काही स्पष्ट लिहिलेले होते आणि मलाच ते वाचता आले नव्हते.

माझी अडचण अशी आहे की मी मराठीसारखे एकेक शब्द मांडत जातो. 'मी पुस्तक वाचतो' यासाठी मी 'मिमि किताबु सोमा' असे लिहिले, तर ते चुकीचे असल्याचे समजले. क्रियापद वाक्यात कोठे ठेवायचे, ते प्रत्येक वेळी निराळे का दिसते, आणि वरील निरोपातील 'या' आणि 'हाया' ही अक्षरे कोठून आली, हे कोणी मुळापासून समजावून सांगितल्यास मी आभारी राहीन.

मोरोगोरोहून परतलेला

तुमची चूक झाली ती शब्दकोशामुळे, बुद्धीमुळे नव्हे. मी टांझानियात मोरोगोरो येथे काही वर्षे शिक्षक होतो आणि पहिले सहा महिने माझीही हीच अवस्था होती. स्वाहिली क्रियापद शब्दकोशात सापडते ते फक्त धातूच्या अक्षराखाली. फिका पाहायचे असेल तर 'फ' पाहावा लागतो. त्याच्या पुढे जे काही जोडलेले असते, ते शब्दकोशाचे काम नव्हे, ते व्याकरणाचे.

आधी वाक्यातील जागा पाहू. मराठीत कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद येते, तर स्वाहिलीत कर्ता, क्रियापद आणि मग कर्म येते. 'मी पुस्तक वाचतो' याचे 'निनासोमा किताबु' होते, म्हणजे 'मी-वाचतो पुस्तक'. येथे 'मिमि' हा 'मी' या अर्थाचा शब्द वेगळा लागतच नाही. आपणही 'उद्या येईन' असे म्हणतो तेव्हा 'मी' गाळतो, कारण 'येईन' या शब्दाच्या शेवटावरून बोलणारा कोण ते कळते. स्वाहिलीत तीच खूण शब्दाच्या सुरुवातीला असते, एवढाच फरक आहे. आपल्या कानाला शेवट ऐकण्याची सवय आहे, ती मोडून सुरुवात ऐकण्याची सवय लावा. मला विचाराल तर नवशिक्याचे निम्मे काम येथेच होते.

आता 'निनासोमा' हा शब्द फोडू. नि म्हणजे मी, ना म्हणजे आत्ता चाललेला काळ, सोमा म्हणजे वाचणे. पहिली जागा कर्त्याची: मी साठी नि, तू साठी उ, तो किंवा ती साठी आ, आम्ही आणि आपण साठी तु, तुम्ही साठी म, ते आणि त्या साठी वा. तो आणि ती यांत भेद नाही. दुसरी जागा काळाची: चालू काळाला ना, भूतकाळाला लि, भविष्याला ता, आणि काम झालेले असून त्याचा परिणाम आता समोर आहे हे सांगण्यासाठी मे. त्यामुळे निनासोमा म्हणजे मी वाचतो किंवा वाचत आहे, निलिसोमा म्हणजे मी वाचले, नितासोमा म्हणजे मी वाचीन, आणि निमेसोमा म्हणजे मी वाचले आहे. कर्ता बदलायचा असल्यास फक्त पहिला मणी बदलतो: उनासोमा, आनासोमा, तुनासोमा, म्नासोमा, वानासोमा. धातूला काही होत नाही. मराठीत जाणे, गेलो, जाईन असे धातूचे रूपच पालटते. तसली धातूची मोडतोड येथे फारशी नाही, आणि ही भाषा शिकणाऱ्यावरची मोठीच कृपा आहे.

नकारात मात्र सावध राहावे लागते, आणि तुमचा घोळ तेथेच झाला. आपले 'नाही' वाक्याच्या टोकाला येते. स्वाहिलीत 'हा' हे अक्षर कर्त्याच्याही आधी, अगदी दारातच उभे असते. वाचणारा 'नाही' ऐकण्यासाठी शेवटपर्यंत थांबला, तर ते केव्हाच मागे पडलेले असते. नि च्या आधी मात्र हा येत नाही, दोघांच्या जागी सि येते. शिवाय नकारात काळाची खूणही बदलते. 'मी वाचत नाही' म्हणजे सिसोमि, येथे ना गळतो आणि शेवटच्या आ चा इ होतो. 'मी वाचले नाही' म्हणजे सिकुसोमा. 'मी अजून वाचलेले नाही' म्हणजे सिजासोमा. 'मी वाचणार नाही' म्हणजे सितासोमा, आणि येथे भविष्याचा ता जसाच्या तसा राहतो. 'कु' आणि 'जा' यांतला फरक नीट लक्षात ठेवा. कु म्हणजे ते झाले नाही आणि विषय संपला. जा म्हणजे अजून झालेले नाही, पण होणे शिल्लक आहे. आपल्या मराठीत 'अजून' हा शब्द जे काम करतो, ते तेथे एका अक्षरात भागते.

आता तुमचा निरोप पाहा. 'या-मे-फिका' म्हणजे पोहोचले आहेत. 'हा-या-जा-फिका' म्हणजे अजून पोहोचलेल्या नाहीत. गोदामातील माणसाने मुद्दाम जा वापरला होता. चादरी हरवल्या असे त्याचे म्हणणे नव्हते, त्या येतील असे तो गृहीत धरून होता. 'या' म्हणजे काय, हे कोणी जाणकार नामांच्या वर्गांसह समजावून सांगतील तर बरे, कारण तो विषय मोठा आहे.

उच्चाराबाबत एकच सांगतो. जोर नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो: निनासोमा या शब्दात तो 'सो' वर असतो. शब्द लांबला की जोरही पुढे सरकतो. आपण देवनागरीत लिहिलेला त हा खरे तर त आणि ट यांच्या मधला असतो.

व्याकरणाची विद्यार्थिनी

वरील उत्तर उत्तम आहे. 'या' बद्दल मी लिहिते, कारण हा भाग मराठी माणसाला वाटतो तितका परका नाही.

मराठीत मुलगा आला, मुलगी आली, मूल आले. नामाच्या लिंगाप्रमाणे क्रियापद बदलते आणि विशेषणही बदलते. स्वाहिलीत स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही, परंतु नामांचे वर्ग आहेत, आणि ज्या वर्गाचे नाम कर्ता असेल त्या वर्गाचे अक्षर क्रियापदाच्या तोंडाशी बसते. माणसे पहिल्या वर्गात येतात: म्तेजा म्हणजे ग्राहक, वातेजा म्हणजे अनेक ग्राहक, आणि वाक्ये होतात 'म्तेजा आमेफिका', 'वातेजा वामेफिका'. म्तेजा मधील म हा स्वतंत्र अक्षरासारखा उच्चारायचा असतो, त्याला स्वर चिकटवू नये. मालाची गोणी किंवा गठ्ठा म्हणजे म्झिगो, अनेकवचन मिझिगो, आणि वाक्ये 'म्झिगो उमेफिका', 'मिझिगो इमेफिका'. कारखाना म्हणजे किवांदा, अनेकवचन विवांदा. ताउलो आणि शुका यांचे अनेकवचन मा लावून होते, आणि मा वर्गातील अनेकवचनी नामांसाठी क्रियापदाच्या तोंडाशी या येतो. तुमच्या निरोपातील दोन्ही 'या' हेच आहेत: पहिला टॉवेलांचा, दुसरा चादरींचा.

एक वर्ग असा आहे की त्यातील नाम एकवचनात आणि अनेकवचनात सारखेच राहते. बारुआ म्हणजे पत्र. 'बारुआ इमेफिका' म्हटले की एक पत्र आले आहे, 'बारुआ झिमेफिका' म्हटले की पत्रे आली आहेत. हे विचित्र वाटण्याचे कारण नाही. आपण 'दगड पडला' आणि 'दगड पडले' म्हणतो, तेव्हा दगड हा शब्द कोठे बदलतो? एक की अनेक हे क्रियापदच सांगते.

किताबु या शब्दाकडे थोडे थांबून पाहावे असे मला वाटते. हा मूळ अरबी किताब, जो आपल्याकडेही आला. परंतु स्वाहिली बोलणाऱ्यांच्या कानाला त्यातील 'कि' हा आपल्याच किवांदासारखा वर्गप्रत्यय वाटला, म्हणून त्यांनी अनेकवचन केले विताबु. पाहुण्या शब्दाच्या पहिल्याच अक्षराला घरचे अक्षर समजून त्यांनी त्याला व्याकरणात सामावून घेतले. भाषेचे व्याकरण किती जिवंत असते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

विशेषण नामानंतर येते आणि त्यालाही वर्गाचे अक्षर लागते: किताबु किझुरि म्हणजे चांगले पुस्तक, विताबु विझुरि म्हणजे चांगली पुस्तके. परंतु अरबीतून आलेली काही विशेषणे अजिबात बदलत नाहीत, उदाहरणार्थ साफि आणि तायारि. मराठीतही चांगला, चांगली, चांगले होते, मात्र साफ आणि तयार हे शब्द तिन्ही लिंगांत तसेच राहतात. आपल्याला ही गोष्ट शिकावी लागत नाही, केवळ ओळखावी लागते.

आणखी एक जवळीक सांगते. आपला चा, ची, चे हा प्रत्यय मालकाकडे पाहत नाही, मालकीच्या वस्तूकडे पाहतो: सोलापूरचा टॉवेल, सोलापूरची चादर, सोलापूरचे कापड. स्वाहिलीतही अगदी हेच आहे, फक्त क्रम उलटा. किताबु चा म्तोतो म्हणजे मुलाचे पुस्तक, विताबु व्या म्तोतो म्हणजे मुलाची पुस्तके, ताउलो ला सोलापूर म्हणजे सोलापूरचा टॉवेल, माताउलो या सोलापूर म्हणजे सोलापूरचे टॉवेल. 'चा' चा मेळ हा निव्वळ योगायोग आहे आणि त्याचा उच्चार 'चार' मधील च सारखा आहे, 'घराचा' मधील च सारखा नाही. तरीही पाठांतरासाठी त्याचा उपयोग करून घेण्यास हरकत नाही.

एका ठिकाणी मात्र मराठी आपल्याला फसवते. 'मी चादर विणली' या वाक्यात क्रियापद चादरीच्या मागे जाते, माझ्या मागे नाही. त्यामुळे विद्यार्थी भूतकाळात क्रियापदाला चादरीचे अक्षर लावून बसतात. स्वाहिलीत काळ कोणताही असो, पहिली जागा कर्त्याचीच असते: निलिफुमा शुका, म्हणजे मी चादर विणली. कर्माचा उल्लेख क्रियापदात करायचा झाल्यास त्याची जागा वेगळी आहे, ती काळानंतर आणि धातूच्या लगेच आधी. तु-लि-या-तुमा म्हणजे आम्ही त्या पाठवल्या. येथे तु आम्ही, लि भूतकाळ, या म्हणजे चादरी, आणि तुमा म्हणजे पाठवणे. पहिला तु आणि धातूतील तु यांत गोंधळ होऊ देऊ नये.

पूर्व भाग

आमच्या घरी तेलुगू बोलतात, म्हणून थोडी भर घालतो. तेलुगूत 'वस्तानु' म्हटले की 'मी येतो' एवढे पूर्ण होते, वेगळा 'मी' लागत नाही. शेवटचा नु हाच 'मी'. ज्यांच्या घरात तेलुगू किंवा कन्नड आहे त्यांना एका शब्दात आख्खे वाक्य मावते हे नवीन नाही, फक्त मणी दुसऱ्या टोकाने ओवायचे आहेत. माझी सूचना अशी की शंभर धातू पाठ करण्यापेक्षा एकच धातू घ्यावा आणि त्यावर सहा कर्ते, चार काळ आणि त्यांचे नकार मोठ्याने म्हणावेत. ती अठ्ठेचाळीस रूपे होतात. मागावर हात बसतो तशी जीभ बसते.

बेगम पेठ

क्रियापदाच्या शेवटाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. मूळ बांटू (स्वाहिली ज्या आफ्रिकी भाषाकुळातली, त्या कुळातील) क्रियापदे आ ने संपतात: सोमा, फिका, तुमा, फुमा. अरबीतून आलेली क्रियापदे इ, उ किंवा ए ने संपतात, आणि नकारात त्यांचा शेवट बदलत नाही. सोलापुरात उर्दू आणि दखनी कानावर पडतेच, आणि मराठीतही हे शब्द मुरलेले आहेत, त्यामुळे ही क्रियापदे ओळखणे आपल्याला सोपे जाते. बाकि म्हणजे उरणे, यात आपली बाकी आहे. बादिलि म्हणजे बदलणे. कुबालि म्हणजे कबूल करणे. हेसाबु म्हणजे मोजणे, यात हिशेब आहे. जिबु म्हणजे उत्तर देणे, यात जवाब आहे. साफिरि म्हणजे प्रवास करणे. मी असे पाहिले आहे की क्रियापद ऐकताच ओळखीचे वाटले, तर बहुधा ते अरबी असते आणि त्याचा शेवट आ नसतो. 'मी वाचत नाही' हे सिसोमि, पण 'मी कबूल करत नाही' हे सिकुबालि, शेवट जिथल्या तिथे. या सिकुबालि मधला कु धातूचाच आहे, तो भूतकाळाच्या नकाराचा कु समजू नये.

मोरोगोरोहून परतलेला

बेगम पेठ यांचे निरीक्षण मी माझ्या वहीत उतरवून घेतले आहे. त्याला जोडून दोन गोष्टी लिहितो आणि थांबतो.

काही धातू एकाक्षरी असतात. जेवणे, खाणे म्हणजे कुला. येथे कु हे मूळ रूपाचे अक्षर आहे आणि इतर क्रियापदांत ते गळते, परंतु 'ला' एकटाच राहिला तर शब्दाला जोर पेलण्यासाठी पुरेशी अक्षरे उरत नाहीत, म्हणून निनाकुला असेच म्हणतात. निनाला असे म्हणू नये. जा च्या नकारात ते पुन्हा गळते: सिजाला, मी अजून जेवलेलो नाही. दुपारी शाळेत हा शब्द मी रोज वापरत असे.

दुसरी गोष्ट धातूच्या मागे लागणाऱ्या जोडांची. मराठीत पोहोचणे पासून पोहोचवणे होते. स्वाहिलीत फिका पासून फिकिशा होते. फुमा म्हणजे विणणे, फुम्वा म्हणजे विणले जाणे. पेंदा म्हणजे आवडणे, प्रेम करणे, पेंदाना म्हणजे एकमेकांवर प्रेम करणे. आंदिका म्हणजे लिहिणे आणि आंदिकिया म्हणजे कोणाला तरी लिहिणे, त्यावरून नि-ता-कु-आंदिकिया, मी तुला लिहीन. पुढचे मणी आधी पक्के करा आणि मग या मागच्या जोडांकडे वळा. मी उलट क्रमाने गेलो होतो आणि वर्षभर अडखळलो.

अक्कलकोट रस्ता

सर्वांचे मनापासून आभार. पूर्व भाग यांच्या सांगण्याप्रमाणे मी चार दिवस फिका या एकाच धातूवर काढले. आता ग्राहकाला 'क्षमस्व, चादरी सोमवारी पोहोचतील' असे कळवायचे आहे. मी लिहिले आहे: 'सामाहानि. माशुका वाताफिका जुमातातु.' पाठवण्यापूर्वी कृपया एकदा तपासून द्यावे.

व्याकरणाची विद्यार्थिनी

काळ आणि क्रम बरोबर आहेत. 'वा' मात्र चुकला. मराठीत त्या बायका आणि त्या चादरी या दोन्हींसाठी 'त्या' चालते, म्हणून तुम्ही 'त्या' साठी वा घेतलात. वा हा माणसांसाठी आणि प्राण्यांसाठी आहे. चादरींना त्यांचा स्वतःचा या द्यावा: माशुका याताफिका जुमातातु.

अक्कलकोट रस्ता

दुरुस्ती करून काल सायंकाळी निरोप पाठवला. पाच मिनिटांत गोदामातून उत्तर आले: 'आसांते. तुनायासुबिरि.' या वेळी शब्दकोश उघडण्याआधी मी कागदावर शब्द फोडला. तु म्हणजे आम्ही, ना म्हणजे आत्ता, या म्हणजे त्या चादरी. राहिला सुबिरि. शेवटी इ आहे, म्हणजे अरबी असणार, असे बेगम पेठ यांचे वाक्य आठवले, आणि मग लक्षात आले की ही तर आपली सबुरी. आम्ही त्यांची वाट पाहत आहोत.